मद्रासला मिळालेला करंडक : राष्ट्रीय फुटबॉलमधील मुंबईच्या संघाची पहिली चौदा वर्षे

लहानपणी आकाशवाणीच्या बातम्यांत 'संतोष करंडक' हे शब्द ऐकले की मला वाटायचे, संतोष नावाचा कुणी मोठा खेळाडू होऊन गेला असणार. माझ्या बरोबरीच्या पुष्कळ मुलांचा असाच समज होता. खरे पाहता संतोष हे एका गावाचे आणि तिथल्या जमीनदारीचे नाव. हे गाव पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशातल्या टांगाइल शहराला लागून आहे. तिथले सर मन्मथनाथ रॉय चौधुरी 'संतोषचे महाराज' म्हणून ओळखले जात. बंगालच्या विधान परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि कलकत्त्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचेही. १९३९ साली ते वारले. दोन वर्षांनी प्रांताप्रांतांच्या संघांसाठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा त्या असोसिएशनने त्यांच्या स्मरणार्थ करंडक दिला आणि स्पर्धेला त्यांचेच नाव मिळाले. पुढे उपविजेत्यांसाठी कमला गुप्ता करंडक आला, तोही कलकत्त्याचाच. असोसिएशनचे अध्यक्ष डॉ. एस. के. गुप्ता यांनी तो आपल्या पत्नीच्या नावाने दिला. तिसऱ्या क्रमांकाचा संपंगी कप मात्र म्हैसूरकरांनी आपल्या एका नामवंत खेळाडूच्या आठवणीसाठी दिला. ही तीन नावे नीट लक्षात ठेवावीत, कारण स्पर्धेच्या पहिल्या दशकाचा सगळा इतिहास त्यांत आला. बंगाल मध्यभागी, म्हैसूर त्याला आव्हान देणारे, आणि बाकीचे प्रांत अजून आपली जागा शोधणारे. मुंबई त्या बाकीच्यांत होती.

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास म्हटला की लोक रोव्हर्स कपचा इतिहास सांगू लागतात. त्यात चूक नाही. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा, कूपरेजचे मैदान, पावसाळा सरता सरता होणारी गर्दी, हे सगळे आपलेच वैभव. पण त्या कपावर नावे कुणाची कोरली गेली ते पाहा. पहिल्या वर्षी वूस्टरशर रेजिमेंट आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ गोऱ्या पलटणी. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. कप पहिल्यांदा भारतीय नागरी संघाच्या हाती गेला तो १९३७ मध्ये, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. मैदान आपले, प्रेक्षक आपले, मंडप आपला, आणि नवरदेव दर वर्षी परगावचा. म्हणून मी असे मानतो की रोव्हर्स कप हा मुंबईतल्या फुटबॉलचा इतिहास आहे. मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास पाहायचा तर संतोष करंडकाकडे वळावे लागते. आपल्या पोरांनी आपल्या शहराचे नाव छातीवर लावून बाहेरगावी जाऊन खेळायचे, ही गोष्ट तिथे सुरू झाली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुंबईत १९०२ साली बॉम्बे फुटबॉल असोसिएशन आणि हारवूड लीग उभी राहिली. १९११ मध्ये ही असोसिएशन आणि रोव्हर्स कपची समिती एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन झाली. आपण तिला प्रेमाने 'विफा' म्हणतो. लीगचे सामने ऐन पावसाळ्यात. मैदानावरून क्रिकेट उठले की फुटबॉल बसायचे, असा या शहराचा वर्षभराचा क्रम. अखिल भारतीय पातळीवरचा महासंघ मात्र खूप उशिरा, १९३७ साली सिमल्यात स्थापन झाला. तोवर देशात नाव होते ते ड्युरँड, रोव्हर्स आणि आयएफए शील्डचे, आणि या तिन्ही स्पर्धा क्लबांच्या आणि पलटणींच्या. क्लबाच्या स्पर्धेत खेळाडू त्याला खेळायला घेणाऱ्याचा असतो. आंतरप्रांतीय स्पर्धेत तो त्याच्या मुलखाचा असतो. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण खेळाडूच्या लेखी फार मोठा असतो.

त्या काळात मुंबईत आणखी एक गोष्ट चालू होती, तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय या नव्या स्पर्धेचे मोल कळत नाही. क्रिकेटमध्ये पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'उरलेले' असे पाच संघ धर्माच्या नावाने एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि सारे शहर ते पाहायला लोटे. १९४० मध्ये महात्मा गांधींनी या सामन्यांविषयी नापसंती स्पष्ट बोलून दाखवली, तरी ते आणखी काही वर्षे चाललेच. प्रांतवार स्पर्धा क्रिकेटमध्येही होती. रणजी करंडक १९३४ पासून सुरू होता. पण मुंबईचे प्रेक्षक जीव टाकत ते पंचरंगीवर. फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती प्रांताच्या नावाने, धर्माच्या नव्हे. मुंबईच्या फुटबॉल संघात गोव्याचा ख्रिस्ती, केरळचा मल्याळी, मंगळूरकडचा, कोकणातला, मोहल्ल्यातला असे सगळे एकाच रंगाच्या सदऱ्यात उतरत. त्याविषयी कुणी भाषण केले नाही, ठराव केला नाही. संघ निवडायचा तर दुसऱ्या कुठल्या रीतीने निवडायचा, हा प्रश्नच फुटबॉलवाल्यांना पडला नाही. आपल्या संस्थेच्या इतिहासातली मला सर्वांत अभिमानाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कोणत्याही करंडकाच्या आधीची आहे.

पहिली स्पर्धा १९४१ मध्ये कलकत्त्याला झाली. महायुद्ध चालू होते. अंतिम सामन्यात बंगालने दिल्लीला ५-१ असे हरवले. ज्यांच्या अध्यक्षाच्या नावाचा करंडक त्यांनीच तो उचलला, आणि तोही आपल्या घरच्या मैदानात. त्या काळी कलकत्त्याचा फुटबॉल इतरांच्या किती पुढे होता, हे त्या पाच गोलांवरून समजते. पुढच्या वर्षी गवालिया टँकवर 'चले जाव'ची हाक उठली, त्याच्या पुढच्या वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला. १९४२ आणि १९४३ या दोन्ही वर्षी स्पर्धा झाली नाही. १९४४ मध्ये ती दिल्लीत भरली आणि दिल्लीने बंगालला २-० असे नमवले. दिल्लीने हा करंडक जिंकला तो तेवढा एकदाच.

मग १९४५ साल आले आणि स्पर्धा मुंबईकडे आली. मुंबईने अंतिम फेरी गाठली. समोर बंगाल होता. पुन्हा रोव्हर्सचीच कथा झाली: २-० असा विजय पाहुण्यांचा. तरीही या पराभवाची नोंद मी आदराने करतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 'मुंबई' नावाचा संघ उभा राहिला तो पहिल्यांदा त्या वर्षी. आपले लोक आपल्या संघासाठी ओरडत होते. एरवी कूपरेजवर त्यांना दोन परक्या संघांपैकी एक निवडावा लागे.

१९४६ मध्ये बंगलोरला म्हैसूरने बंगालला हरवले. पहिला सामना बरोबरीत सुटला होता, निकाल पुन्हा खेळून लागला. आजच्या वाचकांसाठी इथे थोडे थांबतो. तेव्हा पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लावायची पद्धत नव्हती. ती १९७० नंतरची. अंतिम सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघ पुन्हा मैदानात उतरत आणि पहिल्यापासून खेळत. थकलेले पाय, सुजलेले घोटे, बदली खेळाडूंची सोय नाही. अशा दुसऱ्या सामन्यात ज्याच्याकडे दमसास जास्त आणि मन शांत, तोच टिकायचा.

१९४७ मध्ये ही कसोटी मुंबईच्या वाट्याला आली. कलकत्त्यात बंगालविरुद्धचा अंतिम सामना ०-० असा राहिला. बंगालच्या घरात, बंगालच्या प्रेक्षकांसमोर बंगालच्या आघाडीच्या फळीला एकही गोल करू न देणे ही त्या वेळी मोठीच कमाई होती. फेरसामन्यात मात्र बंगालने एक गोल केला आणि तेवढाच पुरला. दोन वर्षांपूर्वी दोन गोलांचा असलेला फरक आता एका गोलावर, तोही दोन सामन्यांच्या मिळून, येऊन ठेपला होता. ज्यांना फक्त विजेत्यांची यादी पाहायची सवय आहे त्यांना १९४५ आणि १९४७ ही दोन्ही वर्षे सारखीच दिसतील. मला तशी दिसत नाहीत.

१९४८ मध्ये स्पर्धा झाली नाही, पण त्या वर्षी स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला. लंडनमध्ये फ्रान्सशी सामना झाला आणि आपण १-२ असे हरलो. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, आणि त्याची चर्चा निकालापेक्षा जास्त झाली. तालिमेरेन आओ कप्तान होते. त्या संघात मुंबईच्या फुटबॉलमधली माणसे होती: बचाव फळीत टी. एम. वर्गीस, ज्यांना सगळा देश 'तिरुवल्ला पापन' म्हणे, गोलरक्षकांत संजीव उचिल, आणि परब. केरळचा माणूस, मंगळूरकडचा माणूस आणि परब आडनावाचा माणूस अशी ही तीन नावे एका ओळीत वाचली की मुंबईचा संघ कसा घडला ते कळते. पोटासाठी शहरात यायचे, कंपनीत किंवा रेल्वेत नोकरी धरायची, संध्याकाळी मैदानावर जायचे. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, रेल्वेचे संघ, जिमखाने, माटुंग्याच्या पोरांचे क्लब यांनी या माणसांना जागा दिली. गोव्याहून येणारे बोटीवरचे खलाशी आणि आचारी धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, उतरत. गावागावाच्या त्या कुडांत ट्रंका एकावर एक रचलेल्या असत, आणि फुटबॉल हा तिथल्या गप्पांचा नेहमीचा विषय. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोव्याच्या मुलाला भारताकडून खेळायचे असेल तर वाट मुंबईतूनच जात होती.

बंगालचे वर्चस्व मोडत का नव्हते, याचे उत्तरही याच नोकरी-धंद्याच्या गोष्टीत आहे. मुंबईत खेळाडू नोकरीसाठी यायचे आणि फुटबॉल खेळायचे. कलकत्त्यात ते फुटबॉलसाठीच जायचे. ईस्ट बंगालची ती गाजलेली पाच जणांची आघाडीची फळी पाहा: अहमद खान, आप्पाराव, धनराज, सालेह, व्यंकटेश. पाचही दक्षिणेकडचे. बंगलोरचे अहमद खान कलकत्त्याला गेले आणि म्हैसूरचे बळ बंगालच्या पारड्यात पडले. म्हणजे बंगालशी खेळणे हे एका प्रांताशी खेळणे नव्हतेच. निम्म्या देशातून वेचलेल्या गुणांशी खेळणे होते. १९४१ पासून १९५३ पर्यंत स्पर्धा दहा वेळा झाली. दहाही वेळा बंगाल अंतिम सामन्यात होता. सात वेळा जिंकला, तीनदा हरला: एकदा दिल्लीकडून, दोनदा म्हैसूरकडून. १९४९ मध्ये तर त्यांनी हैदराबादला ५-० असे लोळवले. पुढच्या वर्षी तोच हैदराबाद फक्त एका गोलाने हरला. भोवतालचे प्रांत हळूहळू वर येत होते, पण वरचा दगड हलत नव्हता.

१९५१ मध्ये अंतिम सामना पुन्हा मुंबईत झाला. पुन्हा बंगाल. त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले होते. शैलेन मन्ना यांचे नेतृत्व, सय्यद अब्दुल रहीम यांचे मार्गदर्शन आणि मेवालाल यांचा गोल. पापन त्याही संघात होते. देशभर फुटबॉलचे वारे होते. मुंबईचा संघ आपल्या मैदानावर करंडकापासून एका सामन्याच्या अंतरावर आला आणि ०-१ असा हरला. तिसरी अंतिम फेरी, तिसरा पराभव, तिन्ही वेळा बंगाल.

या टप्प्यावर कुठलाही संघ खचला असता. 'बंगालसमोर आपले काही चालत नाही' हे वाक्य एकदा तोंडी बसले की ते पिढ्यान् पिढ्या जात नाही. मुंबईच्या संघाने ते वाक्य तोंडी बसू दिले नाही, एवढे तीन वर्षांनी सिद्ध झाले.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपला एकमेव गोल अहमद खान यांचा. थंडी, ओली जमीन आणि अनवाणी पाय. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळण्यात एक विलक्षण नजाकत होती. चेंडू पायाला चिकटल्यासारखा राहायचा, बोटांनी वळवता यायचा. पण चिखलात बूटवाला माणूस भारी पडतो हे पलटणींशी खेळून खेळून सगळ्यांनाच ठाऊक होते. माझे मत असे की या सक्तीचा सर्वांत कमी त्रास ज्यांना झाला असेल त्यांत मुंबई होती. ज्यांची लीगच जून-जुलैच्या पावसात, घोट्याएवढ्या चिखलात खेळली जाते, त्यांना बुटाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. कलकत्त्याची आणि बंगलोरची कला उघड्या पायांत होती. त्या कलेला नव्या सवयीत उतरायला वेळ लागणे स्वाभाविक होते. तरी १९५२ मध्ये म्हैसूरने आणि १९५३ मध्ये बंगालने करंडक घेतला, हे सांगितले पाहिजे. बूट आल्याबरोबर जग उलटेपालटे झाले नाही.

१९५४ ची स्पर्धा मद्रासला होती. मुंबईहून मद्रास म्हणजे पुणे, सोलापूर, रायचूर, गुंटकल असा रेल्वेचा मार्ग, एका दिवसाहून अधिक प्रवास. ही स्पर्धेची अकरावी खेप. आणि या वर्षी असे झाले जे आधीच्या दहा स्पर्धांत कधीच झाले नव्हते: अंतिम सामन्यात बंगाल नव्हता. मुंबईसमोर होता सेनादलांचा संघ. भूदल, नौदल आणि वायुदल मिळून झालेला हा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता. दमदार, शिस्तीचे, एकत्र राहून रोज सराव करणारे खेळाडू. नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर जाणाऱ्या मुंबईकरांपुढे ही मोठी अडचण होती. निकाल मुंबईच्या बाजूने लागला, २-१.

मुंबई पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली. या शहराला फुटबॉल सोजिरांनी शिकवला. कूपरेजवर चार दशकांहून अधिक काळ त्यांच्या पलटणींचे संघ कप उचलून नेत राहिले आणि मुंबईची पोरे कुंपणाबाहेरून बघत राहिली. त्याच मुंबईने आपला पहिला राष्ट्रीय करंडक स्वतंत्र देशाच्या सैनिकांशी अटीतटीने खेळून मिळवला. या सामन्यात हरलेला संघही आपलाच होता.

त्या संघातले एक नाव तेव्हा देशाला नुकतेच कळू लागले होते: नेव्हिल डिसोझा. बार्देशातल्या आसगावचा जन्म, मुंबईत वाढ, सेंटर फॉरवर्ड. दोन वर्षांनी, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आधी गोल केला तोही नेव्हिल यांनीच. पुढे भारत ४-१ असा हरला आणि स्पर्धेत चौथा आला. भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये त्याहून वर कधी गेला नाही. नेव्हिल त्या ऑलिंपिकमधल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांपैकी एक ठरले, चार गोल. १९५८ मध्ये मुंबईच्या कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला तेव्हाही ते त्या संघात होते. मेलबर्नच्या तीन गोलांविषयी आपण नेहमी बोलतो. ज्या मुंबईच्या संघाने त्यांना मोठ्या सामन्यांची सवय लावली, त्या संघाविषयी बोलत नाही.

मद्रासच्या विजयानंतरची दहा वर्षे हा मुंबईचा सुवर्णकाळ, आणि मी तो भरभर सांगणार आहे, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९५६ मध्ये त्रिवेंद्रमला आणि १९५७ मध्ये हैदराबादला मुंबईने अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा रहीमसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबादने हरवले. १९५९ मध्ये आसामात नौगाव इथे बंगालने ३-१ असे हरवले. १ मे १९६० नंतर सदऱ्यावरचे नाव बदलून 'महाराष्ट्र' झाले. १९६१ च्या मोसमात स्पर्धा मुंबईला आली, महाराष्ट्र अंतिम फेरीत, आणि पी. के. बॅनर्जींच्या रेल्वेने ३-० असा विजय मिळवला. रेल्वेचा वेगळा संघ झाल्याचा चिमटा मुंबईला इतरांहून जास्त बसला. दोन रेल्वेंची मुख्यालये याच शहरात, आणि रेल्वेत नोकरी करणारा चांगला खेळाडू रेल्वेकडूनच खेळणार. मग १९६३ च्या मोसमात पुन्हा मद्रास, आणि आंध्र प्रदेशला १-० असे हरवून दुसरा करंडक. गोलरक्षक एस. एस. नारायण आणि हाफ बॅक फॉर्च्युनाटो फ्रँको हे दोन ऑलिंपिकपटू त्या संघात होते. एक ओट्टपालममध्ये जन्मून माटुंग्यात वाढलेले, दुसरे गोव्याचे. १९५४ ते १९६३ या दहा मोसमांत सहा अंतिम सामने! हा विक्रम महाराष्ट्राच्या एकाही पुढच्या पिढीला मोडता आलेला नाही.

इथे एक तक्रार मांडतो, आणि ती आपल्या सगळ्यांकडे आहे. मुंबईच्या क्रिकेटचा प्रत्येक रणजी मोसम, प्रत्येक शतक, प्रत्येक झेल आपण जपून ठेवला. फुटबॉलच्या वाट्याला ती माया आली नाही. कोल्हापुरात अजून पेठापेठांतून, तालमी-तालमींतून फुटबॉल जिवंत आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की सारे गाव तिकडे वळते, आणि जुन्या खेळाडूंची नावे तिथली पोरे घडाघडा सांगतात. मुंबईने आपल्या फुटबॉलपटूंची अशी आठवण ठेवली नाही. ज्यांनी तीन अंतिम पराभव पचवून चौथ्या अंतिम सामन्यात करंडक आणला, त्यांची नावे शाळकरी मुलांना माहीत असायला हवी होती.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना माझी विनंती आहे. गिरगाव, माटुंगा, वांद्रे, माझगाव, धोबीतलाव, जिथे कुठे जुन्या खेळाडूंची घरे आहेत तिथल्या माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडा. पिवळे पडलेले संघाचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे, स्पर्धेची छापील पत्रके, शिवलेल्या टाक्यांचे चामडी बूट, जे असेल ते विफाकडे आणून द्या. वस्तू द्यायची नसेल तर तिचा फोटो द्या. घरात वडीलधारे कुणी असतील तर त्यांच्या तोंडून मद्रासची हकिगत लिहून घ्या, आजच घ्या.

महाराष्ट्राने संतोष करंडक आजवर चार वेळा जिंकला आहे: १९५४ आणि १९६३ च्या मोसमात मद्रासला, १९९०-९१ मध्ये पालक्काडला केरळविरुद्ध, आणि १९९९-२००० मध्ये थ्रिसूरला कर्नाटकविरुद्ध. चारही विजय दक्षिणेतले. १९४५, १९५१ आणि १९६१ च्या मोसमात मुंबईला, आणि २०१६ मध्ये नागपूरला सेनादलांकडून, असे घरच्या भूमीवरचे चारही अंतिम सामने आपण हरलो. कूपरेजवर महाराष्ट्राच्या कप्तानाने हा करंडक अजून उचललेला नाही.